फावला वेळ आणि कथालेखनाचा अधिकार

मराठी लघुकथेचा इतिहास लेखकांच्या चरितार्थाच्या अंगाने पाहिला, तर तो एखाद्या कचेरीतील नेमणुकांच्या पटासारखा दिसतो. दिवाकर कृष्ण हैदराबादेत वकिली करीत. अरविंद गोखले पुण्याच्या कृषिमहाविद्यालयात शिकवीत, गंगाधर गाडगीळ मुंबईत अर्थशास्त्राचे अध्यापन करीत आणि पुढे प्राचार्य झाले, जी. ए. कुलकर्णी यांचे आयुष्य धारवाडात इंग्रजीच्या वर्गावर गेले. व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर होते. बाबूराव बागूल काही वर्षे रेल्वेच्या नोकरीत होते. केवळ कथेवर प्रपंच चालविलेला लेखक या परंपरेत दिवा घेऊन शोधावा लागेल.

या वस्तुस्थितीतून एक मत रूढ झाले आहे. कथा आटोपशीर असते. ती रविवारी किंवा रात्रीच्या दोन बैठकांत लिहून होते. कादंबरीला लागणारा सलग अवकाश नोकरदार गृहस्थाला मिळत नाही, म्हणून तो कथेकडे वळतो. थोडक्यात, कथा हा फावल्या वेळचा वाङ्मयप्रकार होय. हे मत वर्गात सांगण्यास सोपे आणि परीक्षेत लिहिण्यास त्याहून सोपे आहे. परंतु ज्या लेखकांच्या आधारे ते मांडले जाते, त्यांच्याच लेखनाच्या हिशेबात ते बसत नाही.

दिवाकर कृष्णांचे तीन कथासंग्रह प्रसिद्ध झाले: 'समाधि व इतर सहा गोष्टी' १९२७ मध्ये, 'रूपगर्विता'चा संग्रह १९४१ मध्ये आणि 'महाराणी व इतर कथा' १९५५ मध्ये. दोन संग्रहांमध्ये प्रत्येक वेळी चौदा वर्षांचे अंतर आहे. उलट अरविंद गोखले यांनी अध्यापन, संशोधन आणि संसार सांभाळून तीनशेहून अधिक कथा लिहिल्या. वकिलीत फुरसत कमी आणि प्राध्यापकीत अधिक, असे म्हणून हा फरक उलगडेल काय? मग त्याच प्राध्यापकीत असलेल्या जी. एं.नी गोखल्यांच्या तुलनेने इतके थोडे का लिहिले, याचे उत्तर द्यावे लागेल. आणि त्यांना तर स्वतःची मुलेबाळेही नव्हती. शिवाय दिवाकर कृष्णांनी कादंबऱ्याही लिहिल्या आहेत. तेव्हा कथेकडे त्यांना वेळेच्या टंचाईने ढकलले, हेही म्हणता येत नाही. तासांचे गणित लेखनाच्या राशीविषयी काही सांगते, पण फारच थोडे. रूपाविषयी तर काहीच सांगत नाही.

या प्रश्नावर चेकॉव्हच्या आयुष्याचा दाखला नेहमी दिला जातो, आणि तो बहुधा अर्धाच दिला जातो. वैद्यक ही आपली धर्मपत्नी आणि साहित्य ही प्रेयसी, अशा अर्थाचे त्याचे उद्गार सर्वांना ठाऊक असतात. त्याहून बोलके त्याचे १८८३ सालचे एक पत्र आहे. तेवीस वर्षांचा हा वैद्यकाचा विद्यार्थी विनोदी साप्ताहिकाचा संपादक लेयकिन याला आपल्या लेखनाची परिस्थिती कळवितो. समोर अभ्यासाचे काम मनाला टोचत पडले आहे. शेजारच्या खोलीत पाहुण्या नातलगांचे मूल रडते आहे. दुसऱ्या खोलीत वडील आईला लेस्कॉव्हची कथा मोठ्याने वाचून दाखवीत आहेत. कोणी तरी वाद्याच्या पेटीला किल्ली दिली आहे. मराठी वाचकाला हे वर्णन चाळीतल्या दोन खोल्यांचे वाटावे, इतके परिचयाचे आहे. लेयकिनच्या साप्ताहिकात कथेला शंभर ओळींच्या आसपास मर्यादा असे, आणि चेकॉव्हच्या आटोपशीरपणाची तालीम तेथे झाली, असे सांगतात. ते खरेही आहे. परंतु ही मर्यादा नियतकालिकाने घातलेली होती. रडणाऱ्या मुलाकडे तिचे श्रेय जात नाही.

या पत्राची दुसरी बाजू सहसा ध्यानात घेतली जात नाही. चेकॉव्हच्या वडिलांचे दुकान १८७६ मध्ये बुडाले होते आणि मॉस्कोतील त्या घराचा खर्च बऱ्याच अंशी या तरुणाच्या कथांच्या मानधनावर चालत होता. घरात कितीही गलबला असो, त्याचे टेबलाशी बसणे हे घराला मान्य होते. ते बसणे म्हणजे भाकरी होती. त्याला शांतता नव्हती. लिहिण्याचा अधिकार मात्र होता. शांतता आणि अधिकार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि लेखन, नोकरी व कुटुंब यांच्या मेळाची चर्चा बहुतेक वेळा या दोहोंची गल्लत करून चालते.

मराठी कथालेखकाला मानधनाने असा अधिकार क्वचितच दिला. तो दिला नियतकालिकांनी. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केल्यापासून संपादकाचे पत्र ही मध्यमवर्गीय घरात कथालेखनाला मिळालेली एक प्रकारची सनद ठरली. अमुक तारखेपर्यंत कथा हवी आहे, असे कोणी तरी बाहेरून मागितले की घरातील माणसे दार लोटून घेतात आणि मुलांना दटावतात. 'सत्यकथे'सारख्या मासिकाने तर कथा परत पाठवून, सुधारून मागवून, ती घडविणे हे गंभीर काम आहे, अशी जाणीव निर्माण केली. नवकथेच्या उदयाची मीमांसा करताना युद्धोत्तर मूल्यविघटनाची चर्चा पुष्कळ होते. नोकरदार लेखकाच्या घरात कथेला ही जी प्रतिष्ठा मिळाली, तिची चर्चा त्या मानाने झालेली नाही. ती प्रतिष्ठा घरातील सर्वांना सारखी लागू होती काय, हा तर त्याहून मागे राहिलेला प्रश्न.

या प्रश्नाचे नेमके कथारूप कॅनडाच्या अ‍ॅलिस मन्रो यांच्या 'द ऑफिस' या कथेत सापडते. ही कथा त्यांच्या १९६८ च्या पहिल्या संग्रहात आहे. कथेतील गृहिणीला शर्टाला इस्त्री करताना आपल्या अडचणीवरचा उपाय सुचतो: लिहिण्यासाठी बाहेर एक खोली भाड्याने घ्यावी. आपण लेखिका आहोत हे उच्चारतानाच तिला संकोच वाटतो. पुरुष घरात काम करू शकतो, कारण त्याचे काम घरात आणले जाते आणि घर त्याच्याभोवती मांडले जाते. स्त्री मात्र घरात राहत नाही, ती स्वतःच घर असते, अशा आशयाचे तिचे निरीक्षण कथेच्या आरंभीच येते. खोली मिळते, पण तिचा मालक तिला स्वस्थ बसू देत नाही. तो रोपटे आणतो, चहाची किटली आणतो, लिहिण्यासाठी विषय सुचवितो, तिच्या गैरहजेरीत कागद चाळतो. तिने दाद दिली नाही तेव्हा तिच्यावर घाणेरडे आळ घेतो. शेवटी ती खोली सोडते.

या कथेतील मर्म असे की, भाडे भरूनही तिला जागेचा ताबा मिळतो, वेळेचा मिळत नाही. तिला वेळ कोणत्या हक्काने हवा आहे, हेच मालकाला कळत नाही. आणि ते त्याला ठासून सांगावे इतका तिचा स्वतःचाही विश्वास नाही. तिच्या उपकृत होण्याच्या सवयीवर तो नेम धरतो. कथेच्या अखेरीस, दूर राहिलेला तो मालक आपल्या मनात तिच्याविरुद्ध काय काय रचीत असेल, याची कल्पना करीत ती शब्द जुळविते. ज्याने लिहू दिले नाही तोच लेखनाचा विषय झाला आहे. मन्रो यांनी येथे व्यत्ययाचे गोडवे गायलेले नाहीत. त्या माणसापासून सुटका मिळविणे हा आपला हक्क आहे असे निवेदिकेला वाटते, आणि त्या वाटण्यातील किंचित कठोरपणाही कथा झाकून ठेवीत नाही.

तथापि ही कथा पुराव्यादाखल घेताना आजच्या अभ्यासकाला एक गोष्ट टाळता येत नाही. मन्रो यांच्या निधनानंतर, २०२४ मध्येच, त्यांच्या धाकट्या कन्येने लहानपणी सावत्र वडिलांकडून आपल्यावर झालेल्या अत्याचाराची आणि ते कळल्यानंतरही आईने त्यांचीच सोबत पत्करल्याची हकीकत प्रसिद्ध केली. कथेचे मूल्य त्यामुळे नाहीसे होत नाही; पण लेखन आणि कुटुंब यांच्या 'समतोला'चा तराजू समीक्षक नेहमी लेखकाच्याच हाती देतात, हे त्यामुळे उघडे पडते. लेखकाचे किती तास गेले हे मोजले जाते. लेखकाच्या घरातील इतरांचे काय गेले, हे मोजण्याची पद्धत नाही. मराठीत ती बाजू समीक्षेने नोंदली नाही, ती आत्मचरित्रांनी नोंदली. सुनीता देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' १९९० मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा जो खळबळीचा सूर उमटला, त्याचे एक कारण हे असावे की, लेखकाच्या घराचा जमाखर्च दुसऱ्या हाताने लिहिलेला वाचण्याची मराठी वाचकाला सवय नव्हती.

मराठी लेखिकांच्या बाबतीत अधिकाराचा हा प्रश्न फार आधी आणि फार थेट उपस्थित झाला होता. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' विभावरी शिरूरकर या नावाने प्रसिद्ध झाले. बाळूताई खरे तेव्हा मुलींच्या शिक्षणाच्या क्षेत्रात नोकरी करीत होत्या. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींच्या मनाविषयी त्या ज्या कथा लिहीत होत्या, त्यांचा विषय त्यांच्या नोकरीनेच त्यांच्यापुढे आणून ठेवला होता. आणि त्या नोकरीत राहून त्या कथा खऱ्या नावाने लिहिणे जवळजवळ अशक्य होते. येथे नोकरीने वेळ हिरावून घेतला, असे म्हणणे अगदी अपुरे ठरेल. नोकरीने अनुभव दिला आणि नाव काढून घेतले. पुढे सोलापूरच्या वसाहतीतील कामाच्या अनुभवातून त्यांनी 'बळी' (१९५०) लिहिली, तेव्हा त्यांनी कादंबरीचा विस्तार स्वीकारला. नोकरदार व्यक्ती फुरसतीअभावी कथेकडे वळते, या मताला हा आणखी एक अपवाद.

सर्वांत गुंतागुंतीचे उदाहरण कुसुमावती देशपांडे यांचे आहे. नागपूर आणि लंडन येथे शिक्षण घेऊन परतल्यावर १९२९ मध्ये कवी अनिल यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि नागपूरच्या महाविद्यालयात त्यांनी दीर्घकाळ इंग्रजीचे अध्यापन केले. 'दीपकळी', 'दीपदान' आणि 'मोळी' हे त्यांचे तीन लहान कथासंग्रह. या कथांत घटना थोडी असते. एखादा क्षण, एखादी मनःस्थिती, कष्टकरी जीवनाचे ओझरते पण सहृदय दर्शन यांवर त्या उभ्या असतात. कथा आणि लघुनिबंध यांच्या सीमेवरील लेखन, असे त्यांचे वर्णन केले जाते, आणि या वर्णनात बहुधा एक अनुक्त खुलासा दडलेला असतो: प्राध्यापिकेला आणि गृहिणीला एवढेच जमणार. दिवाकर कृष्णांच्या तीन संग्रहांना मितलेखनाचा संयम म्हणून गौरविले जाते. कुसुमावतींचे तीन संग्रह मात्र सवडीचा प्रश्न ठरतात. एकच संख्या दोन न्यायांनी मोजली जाते.

या खुलाशाला उत्तर कुसुमावतींच्या लेखनातच आहे. 'मराठी कादंबरी : पहिले शतक' या त्यांच्या दोन भागांतील ग्रंथासाठी शंभर वर्षांच्या कादंबऱ्यांचे क्रमाने वाचन, तुलना आणि मूल्यमापन आवश्यक होते. असे काम तुटक फुरसतीत होत नाही. ज्या बुद्धीने ते पार पाडले, तिच्यापाशी सलग श्रमाची शक्तीही होती आणि त्यासाठी वेळ काढण्याची हिकमतही होती. मग कथा आखूड, घटनाविरळ का राहिली? ती तशी हवी होती म्हणून, हे सरळ उत्तर आहे. रस्त्याने जाताना दिसलेले जीवन, त्यात शिरण्याचा खोटा आव न आणता, जेवढे दिसले तेवढेच मांडायचे, हा त्यांचा प्रामाणिकपणा आहे. सुशिक्षित स्त्री आणि मोळीविकी यांच्यामधले अंतर कथानक रचून मिटविता आले असते. त्यांनी ते मिटविले नाही. पुढे नवकथेने कथानकाविषयी जो अविश्वास दाखविला, त्याची ही एक आधीची वाट होती. मात्र या अंतरामुळे त्यांची काही पात्रे दर्शनाच्या पलीकडे जात नाहीत, हा आक्षेप योग्य आहे आणि तो सवडीचे कारण पुढे करून सौम्य करण्याची गरज नाही.

'मोळी'नंतर त्यांचे कथालेखन विरळ झाले, ही मात्र हानीच आहे, आणि तिची कारणे अधिकाराच्या दिशेने शोधावी लागतील. व्याख्यानाला दिनांक असतो, संस्थेचे निमंत्रण असते. समीक्षाग्रंथ प्राध्यापकाच्या नोकरीशी सुसंगत असतो, म्हणून त्यासाठी दार लावून बसणे महाविद्यालयालाही मान्य आणि घरालाही. कथा कोणी मागत नाही. तिच्यासाठी काढलेला वेळ कोणत्याच कर्तव्याच्या खात्यावर जमा होत नाही, आणि कर्तव्यनिष्ठ व्यक्ती प्रथम तोच वेळ सोडून देते. आज तासिका तत्त्वावर तीन महाविद्यालयांत शिकविणाऱ्या आणि शोधनिबंधांचे गुण मोजणाऱ्या तरुण प्राध्यापकांना हे फारसे समजावून सांगावे लागणार नाही.

या तर्काची कसोटी कागदपत्रांवर घेता येण्याजोगी आहे. कुसुमावतींच्या कथा मासिकांत कोणकोणत्या महिन्यांत आल्या, त्यांपैकी किती दिवाळी अंकांसाठी होत्या, कोणत्या वर्षांपासून त्यांची जागा व्याख्यानांनी व परीक्षणांनी घेतली, याची सूची महाविद्यालयाच्या सत्रांशेजारी मांडून कोणी तरी पाहिली पाहिजे. १९६१ मध्ये ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या, त्या पदावरील पहिल्या स्त्री. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. तोपर्यंत मराठी वाङ्मयजगात त्यांची ओळख प्रामुख्याने समीक्षक म्हणून स्थिरावली होती.