जळते घर आणि जपानी क्रियापद

सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या तिसऱ्या प्रकरणातील जळत्या घराचा दृष्टांत अभ्यासकांस सुपरिचित आहे. घरास आग लागली आहे. मुले आत खेळात दंग आहेत. त्यांना उचलून बाहेर न्यावे असे पित्याला प्रथम वाटते. परंतु दार एकच, तेही अरुंद. तो धोका सांगतो. मुले ऐकत नाहीत. तेव्हा दाराबाहेर बकऱ्याच्या, हरणाच्या आणि बैलाच्या गाड्या आहेत असे सांगून तो त्यांना बाहेर आणतो. या ‘आणतो’साठी जपानीत कोणते क्रियापद योजावे? प्रश्न वरवर भाषेचा दिसतो; वस्तुतः तो तथागतांच्या सत्यवचनाचा आहे.

‘त्सुरेदासु’ म्हणजे सोबत घेऊन बाहेर नेणे. पित्याने सोडून दिलेल्या पहिल्या बेतासच ते शोभते. ‘ओबिकिदासु’ म्हणजे दडलेल्या शत्रूला वा सावजाला डाव टाकून बाहेर काढणे. त्यात हित काढणाऱ्याचे आणि घात येणाऱ्याचा. ‘सोसोनोकासु’मध्ये तर दुष्कृत्याची चिथावणी आहे. उरते ‘सासोइदासु’, म्हणजे ओढ लावून बाहेर बोलावणे. मित्राला फिरायला नेणाराही ते वापरतो, फसविणाराही. हेतूचा निवाडा ते संदर्भावर सोपविते. सूत्रालाही हेच अभिप्रेत आहे; कारण पित्याचे सांगणे असत्य ठरते काय, असे स्वतः बुद्धच शारिपुत्रास विचारतात आणि शारिपुत्र नकार देतो. अनुवादकाने ‘ओबिकिदासु’ लिहिले, तर प्रश्नाआधीच विपरीत उत्तर दिले जाते.

कुमारजीवाने इ. स. 406 मध्ये केलेला चिनी अनुवाद जपानात आजही पठणात आहे. त्याच्या समारोपातील तुलनेत पित्याच्या कृतीस, जपानी उच्चारात, ‘यूइन’ म्हटले आहे. तथागतांच्या कृतीस ‘इन्दो’, म्हणजे वाट दाखवीत नेणे. त्याच प्रकरणात अन्यत्र मात्र तथागतांसाठीही ‘यू’ हे अक्षर येते. म्हणजे त्या अक्षरात मुळात दोष नाही. आजच्या जपानीत तेच अक्षर मोहवाचक ‘यूवाकु’त आणि अपहरणवाचक ‘यूकाइ’त आढळते, म्हणून आधुनिक अनुवादकाने अधिक सावध असावे.

मराठीतही ‘फूस लावणे’ आणि ‘ओढ लावणे’ एक नव्हे. बाहेर आलेल्या प्रत्येक मुलास सांगितल्याहून श्रेष्ठ गाडी मिळाली. ज्या क्रियापदात येणाऱ्याची हानी गृहीत धरलेली आहे, त्यास या दृष्टांतात स्थान नाही.