नुरा कुस्ती आणि आम्ही रसिक

सुशिक्षित मराठी माणसाने ज्या गोष्टी पाहाव्यात परंतु पाहतो असे कबूल करू नये, त्यांत अमेरिकन व्यावसायिक कुस्तीचा क्रमांक बराच वरचा लागेल. नोकरीनिमित्त भिलाईसारख्या ठिकाणी येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांत, जेथे गणेशोत्सवातील नाटकाच्या निवडीवरून दोन-दोन महिने वाद चालतात, तेथेही हा छंद दार लावून जोपासला जातो. विचारले तर उत्तर ठरलेले असते : ‘मुले लावतात.’ मुले शिक्षणासाठी पुण्याला गेली तरी उत्तर तेच राहते. आम्हांस हा संकोच अनाठायी वाटतो. आम्ही या खेळाचे जुने रसिक आहोत, आणि जेथे रसिक आहेत तेथे टीकाही असावयास हवी, एवढ्याच अधिकारावर हे लिहीत आहोत.

पहिला आक्षेप सर्वांच्या परिचयाचा आहे : ते सगळे खोटे असते. कोण जिंकणार हे आधी ठरलेले असते यात शंका नाही. खुद्द कंपनीनेच १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे हा खेळ नसून करमणूक आहे असे सांगून टाकले, आणि तेही क्रीडामंडळाची देखरेख व त्यासोबतचा खर्च टळावा म्हणून. सत्यकथनाच्या पाठीमागे पुष्कळदा अशाच प्रेरणा असतात! पण आपल्या भाषेत ठरवून केलेल्या कुस्तीला ‘नुरा कुस्ती’ असा एक नेमका शब्द आहे, आणि तो येथे लागू पडत नाही असे आमचे मत आहे. जत्रेत इनाम जाहीर झालेले असते, गावाने वर्गणी काढलेली असते, हलगी कडाडत असते आणि मल्ल मात्र आतून संगनमत करून बरोबरीत सुटतात. तेव्हा ती फसवणूक होते, कारण पाहणाऱ्यांना खऱ्या कुस्तीचे वचन दिलेले असते. ज्याने तसे वचनच दिले नाही त्याने ते मोडले असे कसे म्हणावे? राम गणेश गडकऱ्यांचा सुधाकर रंगभूमीवर दारू पितो तेव्हा पेल्यात सरबत आहे म्हणून कोणी तिकिटाचे पैसे परत मागत नाही.

हा प्रकार जन्मला कसा, हेही पाहण्यासारखे आहे. दोन तुल्यबळ मल्लांची खरी कुस्ती जाणत्याला कितीही रंगतदार वाटली तरी अजाणत्याला ती फार कंटाळवाणी होऊ शकते. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आपल्या गामाचेच आहे. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा झ्बिस्को यांची गाठ पडली. झ्बिस्कोने गामाचे बळ क्षणार्धात ओळखले आणि तो जमिनीला पोटाशी धरून पालथा पडून राहिला. अडीच तासांहून अधिक काळ हे चालले व कुस्ती अनिर्णित सुटली. आठवड्यानंतर पुन्हा गाठ ठरली, तेव्हा झ्बिस्को मैदानात आलाच नाही. पुढे १९२८ साली पतियाळा येथे गामाने त्याला मिनिटभराच्या आतच अस्मान दाखविले. आता पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकाच्या बाजूने विचार करा : एकदा अडीच तास काहीच घडत नाही, आणि दुसऱ्यांदा पानाची पिंक टाकून वळावे तोच सगळे आटोपलेले! तमाशगीर ठेकेदाराला असला माल विकता येत नाही. म्हणून त्याने लढतीची लांबी, चढउतार आणि शेवट ही तिन्ही आपल्या हाती घेतली. नाटककार याहून वेगळे काय करतो?

ज्याला आपल्याकडे ‘फ्री स्टाइल’ म्हणत, ती हीच ठेकेदारी कुस्ती. ऑलिंपिकमध्ये त्याच नावाचा जो प्रकार आहे त्याच्याशी हिचा संबंध केवळ नामसादृश्याचा. या नामसादृश्यापायी एक अन्याय मात्र झाला. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला जे कांस्यपदक मिळविले ते खऱ्या फ्रीस्टाइलमधले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. पुढे खाशाबा पोलीस खात्यात नोकरीस लागले, १९८४ साली वारले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. त्याच दशकात मुंबईच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंग काँग यांच्या झुंजींना तोबा गर्दी लोटत होती.

याचा दोष दारासिंगांना देता येणार नाही. आमच्या मते या कलेत भारताने निर्माण केलेला तो एकमेव पहिल्या प्रतीचा कलावंत. किंग काँग हा मूळचा हंगेरियन, वजन सुमारे दोनशे किलो, मुद्रा कायम संतापलेली. दारासिंगांच्या चेहऱ्यावर मात्र काहीच नसे. लोक यालाच त्यांच्या अभिनयाचे वैगुण्य समजत आणि चित्रपटांपुरते ते खरेही होते. परंतु आखाड्यात तीच त्यांची शक्ती होती. समोरचा मल्ल ओरडतो, केस उपटतो, पंचाच्या नजरेआड ठोसे लगावतो, आणि हा सहा फुटी शांत जाट ते सोसत राहतो. प्रेक्षकाचा राग प्रेक्षकालाच बाळगावा लागतो. मल्ल त्याच्या वतीने तो खर्च करून टाकीत नाही. मग अखेरच्या काही मिनिटांत तो दोनशे किलोंचा ऐवज डोक्यावर उचलला जातो आणि सारे स्टेडियम उभे राहते. १९६८ साली मुंबईत त्यांनी लू थेझला हरविले. थेझ हा अस्सल डावपेच जाणणारा मल्ल होता आणि ऐऱ्यागैऱ्याला खांद्यावर चढू देणाऱ्यांपैकी नव्हता, एवढे ध्यानी घेतले तरी दारासिंगांची योग्यता कळते. १९८७ च्या ‘रामायण’ मालिकेत साठीला आलेला हाच मल्ल हनुमान झाला, आणि कोणालाही ते विसंगत वाटले नाही.

येथे छत्तीसगडात राहणाऱ्याला एक तुलना सुचल्यावाचून राहत नाही. भिलाईजवळच्या गनियारी गावी १९५६ साली जन्मलेल्या तीजनबाईंची पंडवानी ज्यांनी पाहिली असेल त्यांना आमचे म्हणणे लगेच पटेल. आपल्या पोलाद कारखान्याच्या नोकरीपटावरही त्यांचे नाव होते, याचा येथील लोकांना योग्य तो अभिमान आहे. बसून गाण्याची वेदमती शैली सोडून त्या कापालिक शैलीत उभ्या राहिल्या. हातातला तंबुरा क्षणात भीमाची गदा, क्षणात अर्जुनाचे धनुष्य. दुःशासनाचे काय होणार हे त्या मंडपातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तरीही तंबुरा वर उचलला गेला की पोरगे श्वास रोखते. निकाल ठाऊक असणे आणि उत्कंठा असणे यांत विरोध आहे असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा पंडवानी पाहावी.

महाभारत निघालेच आहे, तर आणखी एक सांगावेसे वाटते. जरासंधाशी भीम दिवसचे दिवस झुंजतो, आवरत नाही, तेव्हा कृष्ण काडी उभी चिरून खूण करतो. दुर्योधनाच्या वेळी मांडीवर थाप मारून निषिद्ध प्रहार सुचविला जातो, आणि बलराम नियमभंगाबद्दल नांगर उचलून धावतो. आखाड्याबाहेर उभा राहून बेकायदेशीर खुणा करणारा व्यवस्थापक ही अमेरिकनांनी शोधून काढलेली गोष्ट आहे, असे आमच्या मुलांना वाटते! तथापि व्यासांनी बलरामाच्या संतापालाही जागा दिली. अमेरिकन कंपनी पुढच्या आठवड्यात तो प्रसंग विसरून जाते. फरक कथेच्या जातीत नाही, कथाकाराच्या स्मरणशक्तीत आहे.

या विस्मरणाचा सर्वांत मोठा बळी आपला ‘ग्रेट खली’. हिमाचलचा दलीपसिंग राणा, पंजाब पोलिसांतला, सात फुटांवरचा देह. एप्रिल २००६ मध्ये तो आला आणि ‘अंडरटेकर’सारख्या मातब्बराला त्याने लोळविले, जुलै २००७ मध्ये जागतिक अजिंक्यपदही मिळाले. आमच्या वसाहतीत त्या आठवड्यात मिठाई वाटली गेली. पण कला म्हणून पाहू जाता खलीचे काम निकृष्ट होते, हे देशाभिमान बाजूला ठेवून सांगितले पाहिजे. प्रचंड देहाचा विस्मय पहिल्या प्रवेशापुरता असतो. त्यानंतर तो देह हलला पाहिजे, पडला पाहिजे, काही सांगू लागला पाहिजे. खलीचे गुडघे त्याला साथ देत नव्हते आणि लेखक तर मुळीच देत नव्हते. आधी त्याला पंजाबी बोलणारा, शेजारी दुभाष्या बाळगणारा परदेशी राक्षस केले. ते शिळे होताच २००८ मध्ये नाचणारा, प्रेक्षकांतल्या बायकांची चुंबने घेणारा ‘पंजाबी प्लेबॉय’ केले. राक्षस आणि विदूषक, या दोहोंच्या मधला माणूस त्याच्या वाट्याला कधी आला नाही.

जिंदर महालची कथा याहून बोलकी आहे. हा कॅनडातल्या कॅलगरीत जन्मलेला, म्हणजे तेथलाच. २०१७ च्या मे महिन्यात त्याला एकाएकी अजिंक्यपद दिले गेले, आणि त्याचे कारण भारतातली बाजारपेठ हे होते, हे शेंबड्या पोरांच्याही लक्षात आले. पण त्याला दिलेली भूमिका काय? ‘तुम्ही माझा तिरस्कार करता कारण मी तुमच्यासारखा दिसत नाही’ अशा आशयाची भाषणे करून प्रेक्षकांचा तिरस्कारच ओढवून घेण्याची. तक्रार न्याय्य, आणि ती खलनायकाच्या तोंडी घालून हास्यास्पद केलेली. वर बांबूच्या पिंजऱ्याला ‘पंजाबी तुरुंग’ असे नाव! नोव्हेंबरात पद गेले आणि डिसेंबरात खुद्द दिल्लीत, आपल्या म्हणवलेल्या प्रेक्षकांपुढे, तो ट्रिपल एचकडून हरला. आपण सारे परप्रांती नोकरी करणारे लोक. बाहेरचा माणूस ही एक भूमिका असते, ती आपल्याला विचारून दिली जात नाही, आणि ती नाकारण्याचा प्रयत्नही त्याच भूमिकेचा भाग धरला जातो, हे आपणांस सोदाहरण सांगावयास नको. मात्र मुंबईच्या स्टेडियमवर किंग काँगला शिव्या घालणाऱ्यांत मराठी आवाज काही थोडे नव्हते, याचीही नोंद असावी.

नामांकितांपैकी हल्क होगन २४ जुलै २०२५ रोजी वारला. १९८७ साली त्याने महाकाय आंद्रेला उचलून आपटले त्या दृश्याने या धंद्याचे रूप बदलले. डावपेच त्याच्याजवळ जेमतेम चार. पण कानाशी हात नेऊन गर्दीचा प्रतिसाद मागणे त्याला अचूक साधले होते. काळ्या लोकांविषयी त्याने काढलेले उद्गार २०१५ मध्ये बाहेर आल्यावर आम्हांस त्याची जुनी झुंज पूर्वीच्या आनंदाने पाहता आलेली नाही. आमची खरी भक्ती अंडरटेकरवर. १९९० पासून त्याने मेलेल्या माणसाची एकच भूमिका धरली आणि ती वठवली. घंटेचा टोल पडतो, दिवे जातात, आणि तो अत्यंत सावकाश चालत येतो. एवढ्या मोठ्या जमावाला वाट पाहावयास लावण्याचे धैर्य फार थोड्या नटांत असते. वार्षिक महोत्सवातला त्याचा २१ विजयांचा क्रम ६ एप्रिल २०१४ रोजी तुटला, तेव्हा क्षणभर सभागृहात कोणी ओरडले नाही. ठरवून केलेल्या पराभवाने खरी शांतता निर्माण व्हावी, याला कला म्हणावयाचे नाही तर काय म्हणावयाचे?

फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथॉलॉजीज’ या ग्रंथात पॅरिसमधल्या अशाच कुस्त्यांवर लिहिले आहे. प्रेक्षकाला खरे-खोटे नको असते, त्याला दुःख, पराभव आणि न्याय यांची स्पष्ट चित्रे हवी असतात, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार. वर आम्ही जे म्हटले ते याच दिशेचे आहे. परंतु बार्थ यांच्याशी आमचा मतभेद जेथे होतो ती जागा महत्त्वाची आहे. त्यांच्या लेखी मल्लाचे शरीर हे एक चिन्ह आहे. चिन्हाचे हाड मोडत नाही. २८ जून १९९८ रोजी पिट्सबर्गमध्ये मिक फोलीला सुमारे सोळा फुटांवरून खाली फेकण्यात आले. ते ठरलेले होते, आणि मोडलेले दात खरे होते. २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीत ओवेन हार्टला छतावरून दोरीने खाली सोडण्याचा देखावा होता. अडकण सुटली आणि तो आखाड्यात पडून मेला. खेळ पुढे चालू राहिला. उरलेल्या मल्लांनी त्याच आखाड्यात आपापल्या ठरलेल्या कुस्त्या केल्या. आम्ही या कलेची कितीही तरफदारी केली तरी त्या संध्याकाळपाशी येऊन आमची लेखणी अडते, आणि तिला पुढे ढकलण्याची आमची इच्छाही नाही.

त्यातही, कारकुनी पेशामुळे असेल, आमचे लक्ष एका रुक्ष तपशिलाकडे जाते. हे मल्ल कंपनीचे नोकर नाहीत. करारात ते ‘स्वतंत्र कंत्राटदार’ असतात. कुठे जावे, काय बोलावे, कोणाकडून हरावे हे सारे कंपनी सांगणार, पण आजारपणाचा विमा ज्याचा त्याने पाहावयाचा. कायम कामगार आणि ठेका कामगार एकाच भट्टीपाशी उभे असलेले ज्यांनी रोज पाहिले, त्या भिलाईकरांना यावर भाष्याची गरज नाही. कुस्तीचा निकाल बनावट आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी या कराराच्या भाषेकडे थोडे पाहावे. तेथे खरी नुरा कुस्ती सापडेल.

आणि आपली खरी कुस्ती? फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत पाठ टेकली की नाही यावरून वाद झाला, एका माजी विजेत्याने पंचाला लाथ मारली, अंतिम झुंजीतला दुसरा मल्ल मैदान सोडून गेला, आणि दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. अमेरिकन आखाड्यात पंचाने मार खाणे हा त्याच्या कामाचाच एक भाग आहे आणि त्याची तालीमही होते. अहिल्यानगरच्या पंचाने तालीम केलेली नव्हती. दोन्ही दृश्ये भ्रमणध्वनीच्या पडद्यावर मात्र सारखीच दिसली, आणि आमच्या कचेरीत ती सारख्याच हौसेने पाहिली गेली.

असो. ज्या वाचकांना या कलेची परीक्षा एकदा तरी निर्मळ मनाने करून पाहावीशी वाटेल त्यांनी ५ एप्रिल २००९ ची, ह्यूस्टन येथील अंडरटेकर आणि शॉन मायकेल्स यांची झुंज पाहावी. अर्ध्या तासाचे काम आहे. पाहताना आवाज बंद ठेवला तर उत्तम. निवेदक फार बोलतात.