पाहूनही न पाहणारे

फ्रेंच भाषेतला ‘ब्लाझे’ हा शब्द मुळात चैनीने थकलेल्यांचा. खाणंपिणं, संगत, नाचगाणं सगळं इतकं झालं की आता कशानेच भुवई वर जात नाही, अशा माणसाला तो लावायचे. बर्लिनच्या गेओर्ग झिमेल या समाजशास्त्रज्ञाने हा शब्द दिवाणखान्यातून उचलून रस्त्यावर आणला. १९०३ साली ड्रेस्डेनमध्ये जर्मन शहरांचं प्रदर्शन भरलं होतं. त्यानिमित्त झालेल्या व्याख्यानांतून त्याचा महानगर आणि मनोजीवनावरचा निबंध आला. आकाराने लहानच, पण त्यातला ‘ब्लाझे’ वृत्तीवरचा भाग पुन्हा पुन्हा वाचावा असा.

शहरी माणूस निर्विकार का, याचं उत्तर झिमेल शीलात शोधत नाही, मज्जातंतूंत शोधतो. गर्दी, घाई, क्षणोक्षणी बदलणारी दृश्यं यांनी मज्जातंतू इतके ताणले जातात की शेवटी ते साथ देईनासे होतात. मग नवं काही समोर आलं तरी आतून दाद उठत नाही. शहरात वाढलेल्या मुलांतही हे दिसतं, असं तो जाता जाता सांगून टाकतो. मला हे वाक्य फार बोचतं. तिथे अतिभोगाचा प्रश्नच उरत नाही.

मग तो एक बारीक भेद करतो. ब्लाझे माणूस मख्ख नव्हे. मख्खाला दोन गोष्टींतला फरक कळतच नाही. याला तो लख्ख दिसतो, फक्त त्या फरकाला काही किंमत आहे असं वाटत नाही. आपल्याकडे ‘वीट आला’ म्हणतो त्यात निदान किळस तरी असते. इथे तीही नाही, सगळ्यावर एकच राखाडी रंग.

हा रंग कुठून आला, याचं उत्तर १९००मध्ये पैशाच्या तत्त्वज्ञानावर जाडजूड ग्रंथ लिहिणाऱ्या झिमेलकडे तयारच होतं. पैसा प्रत्येक वस्तूला ‘कसं’ विचारत नाही, ‘केवढ्याला’ विचारतो. त्यामुळे मज्जातंतूंचा थकवा आणि बाजाराचा हिशेब एकाच ठिकाणी येऊन मिळतात. निबंधातला सर्वांत देखणा सांधा हाच. आणि त्यापुढचा टोला अधिक जिव्हारी: सगळं जग कवडीमोल ठरवून स्वतःला वाचवणाऱ्या माणसाला अखेर स्वतःचंही मोल जाणवेनासं होतं.

एवढं सांगून झिमेल शहराला शिव्या देत नाही. याच अलिप्ततेतून गावात न मिळणारी मोकळीक मिळते, हेही तो मांडतो. दोष देणं वा क्षमा करणं हे आपलं काम नव्हे, समजून घेणं एवढंच, ही त्याची भूमिका. हा संयम मला आवडतो, पण एके ठिकाणी खटकतोही. हा राखाडी रंग पाहणारी त्याची नजर बहुधा खिशात पैसा असलेल्याची आहे. ज्याला ‘केवढ्याला’ हा प्रश्न रोज पावासाठी विचारावा लागतो, त्याच्या लेखी दोन किमतींतला फरक कधीच फिका पडत नाही. त्या माणसाचे मज्जातंतू या निबंधात कुठे भेटत नाहीत.