शिंपल्याची साक्ष आणि तिच्या मर्यादा

नगरांतून वाहणाऱ्या नद्या व मैलापाण्याचे प्रवाह तांबे, जस्त, शिसे, चांदी इत्यादी लेशधातू किनारी समुद्रात आणून सोडतात. त्यांचे मापन केवळ पाण्यावरून करणे फसवे ठरते. कारण भरती-ओहोटीगणिक पाणी पालटते आणि नमुन्याच्या भांड्यातील धातूही त्यात मिसळू शकतो. या अडचणीवर उपाय म्हणून एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ साली ‘मसल वॉच’ची कल्पना मांडली. खडकास चिकटून राहणारा शिंपला पाणी गाळून अन्न मिळवितो व त्याबरोबर आलेले धातू देहात साठवितो; यास्तव तो त्या स्थळाचा दीर्घकाळचा साक्षीदार होय. अमेरिकेत १९८६ पासून या तत्त्वावर किनाऱ्याची राष्ट्रव्यापी पाहणी सुरू झाली.

कल्पनेचे मोल निर्विवाद आहे. तथापि साक्षीदार निःपक्षपाती आहे, हे मात्र गृहीत धरता येत नाही. जस्ताचे देहातील प्रमाण शिंपला काही अंशी स्वतःच नियंत्रित करतो. त्यामुळे पाण्यातील जस्त वाढले तरी त्याचा देह ती वाढ पुरतेपणी सांगत नाही. प्रजननानंतर त्याचे वजन घटते. मग धातू तेवढाच असूनही त्याचे प्रमाण वाढलेले भासते.

याहून गंभीर उणीव अशी की, संचय म्हणजे अपाय नव्हे. सान फ्रान्सिस्को उपसागरातील पालो आल्टो येथील अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील मैलापाणी-शुद्धीकरण केंद्रानजीकच्या चिखलात राहणाऱ्या मकोमा जातीच्या शिंपल्यांत १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात तांबे व चांदी विपुल आढळली, आणि त्यांचे प्रजननही खुंटलेले दिसले. शुद्धीकरण सुधारल्यावर धातू उतरले आणि प्रजनन पूर्ववत होऊ लागले. या अभ्यासाचे बळ धातूच्या आकड्यात नसून, तो आकडा व जीवनक्रम वर्षानुवर्षे शेजारी ठेवून वाचण्यात आहे.

कोकणच्या खाड्यांत ही पद्धती योजताना हा विवेक अधिकच आवश्यक ठरतो. पावसाळ्यात येथील पाण्याची क्षारता झपाट्याने उतरते व तिच्याबरोबर शिंपल्याची देहस्थितीही पालटते. ऋतू व आकारमान न नोंदविता केलेली तुलना म्हणूनच निरर्थक होय. तिसऱ्या व कालवे हे किनाऱ्यावरील लोकांचे अन्न असल्याने अशा तुलनेतील चूक केवळ शास्त्रीय राहत नाही. ती ताटापर्यंत पोहोचते.