कादंबरीतून वगळलेले विद्यापीठ

रॉबर्ट पेन वॉरन यांची ‘ऑल द किंग्ज मेन’ (१९४६) ही कादंबरी मी नुकतीच तिसऱ्यांदा वाचली, आणि या खेपेला एक गोष्ट सलत राहिली. जे विद्यापीठ तीत असायला हवे, तेच नाही!

हकीकत अशी. १९२८ साली ह्यूई लाँग अमेरिकेतील लुइझियाना राज्याचा गव्हर्नर झाला. पुढच्याच वर्षी महामंदी आली. इतरत्र अनेक विद्यापीठे पगार कापीत होती. याने मात्र बॅटन रूजच्या सरकारी विद्यापीठावर पैसा ओतला. सुमारे १६०० विद्यार्थी होते ते ४००० च्या घरात गेले. १९३१ मध्ये न्यू ऑर्लीन्सला वैद्यकीय महाविद्यालय निघाले. विद्यापीठाच्या बँडची तर त्याला इतकी हौस की, स्वारी स्वतः पथकाच्या पुढे चाले! मात्र १९३४ साली विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात त्याच्यावर टीकेचे पत्र येऊ घातले, तेव्हा ते दडपले गेले, आणि प्रकरण सात विद्यार्थ्यांना विद्यापीठ सोडावे लागण्यापर्यंत गेले.

त्याच वर्षी वॉरन तेथे शिकवू लागले. १९३५ मध्ये क्लीन्थ ब्रुक्स प्रभृतींसह त्यांनी ‘सदर्न रिव्ह्यू’ काढले, विद्यापीठाच्याच पैशावर. त्याच सप्टेंबरात लाँगला गोळी लागली.

कादंबरीतला विली स्टार्क म्हणजे पुष्कळसा लाँगच. निकृष्ट विटांच्या शाळेचा जिना कोसळून मुले दगावतात, तेथून त्याचा उदय होतो. मास्तर असल्यामुळे तो प्रसंग मला वाचवत नाही. पण सत्ता हाती आल्यावर हा स्टार्क बांधू पाहतो ते इस्पितळ! विद्यापीठ उरते ते त्याचा मुलगा फुटबॉल खेळतो त्या मैदानापुरते.

येथे वॉरन यांनी सोपी वाट धरली, असे मला वाटते. रोग्याला औषध हवे, यावर वाद नाही. डागाळलेल्या हाताने दिलेले इस्पितळ चालवावे की नाही, हा पेच डॉक्टर अ‍ॅडम स्टँटनपुढे आहे, आणि तो अखेरीस पिस्तूल चालवून मोकळा होतो. ज्याने पगार घेतला, मासिक चालवले, यूडोरा वेल्टींच्या आरंभीच्या कथा छापल्या आणि कोणावर गोळी झाडली नाही, तो माणूस या पुस्तकात कोठे आहे? निवेदक जॅक बर्डन इतिहासाचा प्रबंध अर्धवट टाकून धन्याकडे येतो. वॉरन तर विद्यापीठात राहूनच धन्याचे झाले होते!

आमच्या शाळेच्या नव्या खोल्या ज्यांच्या कृपेने झाल्या, त्यांच्याविषयी बोलताना आम्ही शिक्षक आवाज खाली आणतो. पाऊस मात्र आता आत येत नाही.

कादंबरी जाडजूड आहे. त्या अर्धवट प्रबंधाची कथा सांगणारे चौथे प्रकरण मात्र सुटीत चुकवू नका.