‘क्लिअर-कट’ : एका शब्दाची दोन पाती

परभाषेतील एखादा शब्द आपल्या बोलण्यात रुळला, म्हणजे त्याचे मूळ घर कोणते हे विचारण्याची तसदी आपण सहसा घेत नाही. ‘क्लिअर-कट’ हा असाच एक शब्द. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत सुशिक्षित घरांत तो सर्रास ऐकू येतो. ‘त्याने क्लिअर-कट सांगितले’, ‘ही तर क्लिअर-कट फसवणूक आहे’, असे आपण म्हणतो. इंग्रजीत तो बहुधा विशेषण म्हणून येतो. मराठीने त्यास क्रियाविशेषणही करून टाकले. यात दोष काढण्याचे कारण नाही. उसना शब्द घरच्या रीतीने राबवावा, हा भाषेचा हक्कच होय. परंतु या शब्दाचा दुसरा अर्थ आपण वेशीबाहेर ठेवला आहे, आणि तोच विचार करावयास लावणारा आहे.

पहिला अर्थ रेखीवपणाचा. नेमक्या कापलेल्या दगडाची कड जशी ठळक दिसते, तसे जे असंदिग्ध, ते क्लिअर-कट. दुसरा अर्थ वनविद्येतील. एखाद्या पट्ट्यातील झाडे निवडून न तोडता सारीच एका वेळी तोडणे, आणि अशा तोडीने उघडी पडलेली जमीन, या दोहोंसही इंग्रजीत हाच शब्द आहे.

स्पष्टपणा आणि उजाडपणा एकाच शब्दात नांदतात ही इंग्रजीचीच खोड होय, असे मात्र समजू नये. आपलीही निकालाची भाषा कुऱ्हाडीचीच आहे. वाद मिटवावयाचा तर ‘एक घाव दोन तुकडे’. उत्तर द्यावयाचे तर ते ‘सडेतोड’. आपण मागणी ‘साफ’ नाकारतो आणि रानही ‘साफ’ करतो. जिच्यावर आडपडदा नाही ती गोष्ट ‘उघड’, आणि ज्यावर झाड नाही तो डोंगर ‘उघडाबोडका’. या साऱ्या प्रयोगांत एक समजूत दडलेली आहे : आड येणारे सारे दूर केले म्हणजे स्पष्ट दिसते. विचाराच्या बाबतीत ही समजूत उपयोगी असेल. रानाच्या बाबतीत तिची किंमत कोणास द्यावी लागते, याचा दाखला आपल्या उपनगरांतच आहे.

गोरेगावची आरे दुग्धवसाहत १९४९ साली स्थापन झाली. कुलाबा-वांद्रे-सीप्झ मेट्रोच्या कारशेडसाठी तेथील २१८५ झाडे तोडण्यास महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने ऑगस्ट २०१९ मध्ये मंजुरी दिली. एका पक्षास प्रश्न क्लिअर-कट वाटत होता : लोकलमध्ये माणसे लोंबकळून प्रवास करितात, त्यांस मेट्रो हवी, आणि मेट्रोस कारशेड हवी. दुसऱ्या पक्षासही तो तितकाच क्लिअर-कट होता : हे रान आहे, आणि ते तोडू नये. यांपैकी कोणाचेही म्हणणे पोकळ नव्हते. म्हणूनच प्रश्न दोघांस वाटत होता तितका सोपा नव्हता.

वादाच्या मुळाशी पुन्हा एक शब्दच होता. ‘वन’ कशास म्हणावे? सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात असे सांगितले होते की, या शब्दाचा अर्थ कोशातील अर्थाप्रमाणे घ्यावा, मग जमिनीची मालकी कोणाचीही असो. म्हणजे कोश हा केवळ पंडितांच्या फडताळातील ग्रंथ नव्हे. त्याच्या एका नोंदीवर हजारो झाडांचे आयुष्य टांगलेले असू शकते. आरेस वन ठरवावे ही मागणी मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०१९ रोजी इतर याचिकांबरोबर फेटाळली, आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबविली. परंतु मेट्रो महामंडळाच्या सांगण्याप्रमाणे तोवर २१४१ झाडे पडली होती. उरली फक्त ४४. शब्दाचा पहिला अर्थ सिद्ध व्हावयाच्या आतच दुसरा अर्थ पुरा झाला! पुढे २०२० साली राज्य शासनाने आरेतीलच सुमारे ८०० एकर क्षेत्र राखीव वन करण्याचे ठरविले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मेट्रोचा पहिला टप्पाही सुरू झाला, आणि आज लोक तीतून सुखाने प्रवास करितात. पण या उपयुक्ततेने त्या रात्रीच्या घाईचे समर्थन होत नाही. निकाल चुकला तर तो वरच्या न्यायालयात फिरविता येतो. पडलेले झाड फिरविता येत नाही.

सरकारी मराठीने या बाबतीत अधिक प्रामाणिक व्हावयास हवे. तोडावयाच्या झाडांस ‘बाधित’ म्हणण्याची रूढी आहे. जणू त्यांस एखादी साथ लागली आहे. आपल्या भाषेत फांद्या छाटणे, झाड पाडणे, मुळासकट उपटणे आणि रान सरसकट तोडणे, असे निरनिराळे शब्द आहेत. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब करितात, तेव्हा फांद्या छाटल्या जातात, पण झाड उभे राहते. ज्या भाषेने हा भेद शतकानुशतके जपला, तिने नोटिशीत तो पुसून टाकू नये.

घरगुती बोलण्यात ‘क्लिअर-कट’ खुशाल राहो. मात्र जेथे समजण्याजोगे असेल तेथे ‘स्पष्ट’, दिसण्याजोगे असेल तेथे ‘उघड’, आणि निर्भीड असेल तेथे ‘सडेतोड’ म्हटल्यास अर्थ अधिक नेमका होईल. आणि जिवंत रानाविषयी कोणी ‘प्रश्न अगदी क्लिअर-कट आहे’ असे म्हणू लागला, तर तो शब्दाचा कोणता अर्थ योजीत आहे, हे झाडे उभी आहेत तोवरच विचारून घ्यावे.