बाण उलटला, पण दाब किती?

निःक्षारीकरण शिकवताना फळ्यावर येणारी आकृती सर्वांच्या परिचयाची आहे. यू आकाराची नळी, मधोमध अर्धपार्य पटल, एका बाजूस गोडे पाणी, दुसऱ्या बाजूस खारे. पहिल्या चित्रात बाण खाऱ्या पाण्याकडे जातो, ते परासरण. शेजारच्या चित्रात खाऱ्या पाण्यावर दट्ट्या दाबलेला आणि बाण उलटा. ते व्यस्त परासरण. आकृती सुबक आहे, चटकन पाठही होते. मात्र तिच्यामुळे तीन गैरसमज रुजतात, असे आम्हाला वाटते.

पहिला गैरसमज व्याख्येतून येतो. 'कमी संहतीकडून जास्त संहतीकडे' असे म्हणताना संहती कशाची, हे सांगायचे राहून जाते. विसरण नेमके उलट शिकवलेले असल्याने विद्यार्थी गोंधळतो. वस्तुतः पाण्याचे रेणू पटलातून दोन्ही दिशांनी जातच असतात. क्षारांमुळे खाऱ्या बाजूने परतणारे रेणू कमी पडतात आणि निव्वळ प्रवाह खाऱ्या बाजूकडे होतो. पाण्याला मीठ 'विरळ करायचे' नसते.

दुसरा गैरसमज चाळणीचा. पटल म्हणजे बारीक भोकांची चाळणी असते, तर सोडियमचा आयन अडायला नको होता, कारण नुसता आयन पाण्याच्या रेणूहून लहान आहे. पण पाण्यात त्याच्याभोवती रेणूंचे कडे असते. ते मोडून पटलात शिरायला ऊर्जा लागते, म्हणून तो मागे राहतो.

तिसरी उणीव सर्वांत मोठी: आकृतीत आकडाच नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्याचा परासरण दाब सुमारे २७ वातावरण भरतो. हा पाण्याच्या पावणेतीनशे मीटर उंच स्तंभाचा दाब झाला. तेवढ्याने प्रवाह फक्त थांबतो. उलटण्यासाठी त्याहून अधिक दाब हवा. शिवाय निम्मे पाणी काढून घेतले की उरलेल्याची क्षारता दुप्पट होते आणि परासरण दाबही जवळपास दुप्पट. म्हणूनच प्रत्यक्ष प्रकल्पांत ५५ ते ७० वातावरण दाब वापरतात आणि दर घनमीटरला तीन-चार युनिट वीज खर्च होते. मुंबई महापालिकेने मनोरी येथे दररोज २० कोटी लिटरचा प्रकल्प आखला, २०२१ मध्ये त्यासाठी सामंजस्य करारही केला. त्यावर वर्गात चर्चा करायची, तर हा हिशेब आधी हवा.

शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुकसारख्या भीमाकाठच्या गावापासून समुद्र शंभराहून अधिक किलोमीटर दूर. तिथल्या विद्यार्थ्याला मनोरीपेक्षा घरातले 'आरओ' यंत्र जवळचे. लिटरला एक ग्रॅम क्षार असलेल्या विहिरीच्या पाण्याचा परासरण दाब जेमतेम एक वातावरण. तरीही यंत्र बरेच पाणी फेकून देते, कारण क्षार सतत धुऊन नेले नाहीत तर ते पटलावर साचतात. पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील, तिथे ही यंत्रे वापरू नयेत, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये दिले होते. आधी क्षार मोजावेत, मग यंत्राचा विचार करावा, हा त्यातला धडा. 'आरओचे ते शुद्ध, बाकीचे अशुद्ध' असे आपण शिकवले, तर चांगल्या पाण्याची नासाडी आपणच शिकवली असे होईल.

यावर उपाय खर्चिक नाही. १०० मिलिलिटर पाण्यात ०, अर्धा, एक, दीड आणि दोन ग्रॅम मीठ विरघळवून पाच द्रावणे करावीत. बटाट्याच्या सारख्या फोडी वजन करून त्यांत तासभर ठेवाव्यात, नंतर टिपून पुन्हा वजन करावे. काही फोडी जड होतील, काही हलक्या. आलेख काढला की वजन न बदलणारा बिंदू सापडतो. बाणाची दिशा पाठ करण्यापेक्षा हा समतोलाचा बिंदू शोधणे महत्त्वाचे, कारण व्यस्त परासरण सुरू होते ते समतोलाच्या पलीकडे.